कापले तितके मोजायचे

इंटरनेटच्या केबलमधली काचेची तार कापली की टोकाचा एक तुकडा पडतो. केसाहून बारीक, फरशीवर पडला की दिसतच नाही. पायात घुसला तर आत मोडतो, पोटात गेला तर बोलायलाच नको. म्हणून जितक्या तारा कापल्या तितके तुकडे चिकटपट्टीवर लावून मोजायचे आणि आकडा जुळल्याशिवाय जागेवरून हलायचं नाही. हे मला बाबांनी शिकवलं. एकदा एका तुकड्यासाठी त्यांनी मला तीन तास गुडघ्यांवर रांगायला लावलं होतं. तेव्हा मनातल्या मनात मी त्यांना काय काय बोलले, ते इथे सांगत नाही.

आता कामावर, कागदोपत्री मी त्यांची वरिष्ठ आहे. घरी मात्र माझं काही चालत नाही. महिन्यापूर्वी त्यांनी आमच्या बाहेरच्या खोलीत इंटरनेटची पेटी बसवली आणि तेव्हापासून माझ्या दहा महिन्यांच्या लेकीला तिथे खाली ठेवतच नाहीत. दिवसभर पाळणाघर, संध्याकाळी आजोबांची कड. मी ओरडते, "बाबा, लाडावून ठेवलीत तिला! रांगू द्या की जरा." ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

त्या दिवशी एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, बोळात पेटी बसवत होतो. मी भिंतीला क्लिपा मारत केबल आणली, कोपऱ्यावर ऐसपैस वळण दिलं. जास्त वाकवली की तार आतल्या आत तुटते. बाबा पेटीसमोर बसून आठ तारा सोलून, कापून जोडत होते. शेजारच्या दारात एक बाई बाळाला कडेवर घेऊन उभी होती. बाळ खाली उतरायला नुसतं उसळ्या मारत होतं.

"झालं का हो काका? ठेवू ह्याला खाली?"

"आठ भरले. ठेवा," बाबा म्हणाले.

मी सहज पट्टीकडे पाहिलं. सात.

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडले की बाळ रडायलाच लागलं. "बाबा, सात आहेत."

"आठ आहेत. मोजलेत मी."

"डोळे फुटलेत का तुमचे?"

बोलून गेले खरी. एरवी त्यांनी मला उभी-आडवी घेतली असती. आता नुसते पट्टीवरून बोट फिरवत राहिले, हळूहळू, एकेका तुकड्यावर थांबत. ते बोटाने मोजत होते.

मी त्यांचा हात ओढून टॉर्चखाली धरला. बोटांची टोकं बारीक लाल ठिपक्यांनी भरलेली. तर्जनीत एक काच चमकत होती. ती चिमट्याने ओढून पट्टीवर चिकटवली. आठ झाले. तरीही मी सगळी फरशी चिकटपट्टीने दोनदा टिपून घेतली आणि मगच त्या बाईला हो म्हटलं.

"कधीपासून दिसत नाही?"

"जवळचं धूसर दिसतं. तीनेक महिने झाले. जोडायचं काम मशीन करतं, तिथे अडत नाही." मग खालच्या आवाजात, "सांगितलं असतं तर तू घरी बसवलं असतंस."

"बसवलंच असतं!" माझा आवाज फाटला. इतका राग आला होता आणि इतकी कीवही, की कुठे बघावं कळेना. मी वही काढली. "तीन महिन्यांतल्या सगळ्या पेट्या सांगा. एकूण एक जागा तपासायची."

त्यांना सगळं तोंडपाठ होतं. इमारत, मजला, दार. तेवीस जागा झाल्या. मग ते थांबले.

"या सगळीकडे मला आकडा जुळला असंच वाटलं. एका ठिकाणी मात्र जुळला नाही हे तेव्हाच माहीत होतं. दोन कापले होते, एकच हाताला लागला."

"आणि तुम्ही गप्प बसलात? कुठे?"

"तुझ्या घरी," बाबा म्हणाले. "रोज पहाटे उठून फरशी चाचपतो गं. सापडत नाही."

महिनाभर मी त्यांना हसत होते, लाडावलीत म्हणून ओरडत होते. मी पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. मग डोळे पुसून यादीत सगळ्यांत वर माझा स्वतःचा पत्ता लिहिला.

बाबांनी कमरेचा हत्यारांचा पट्टा सोडला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"चल. तू शोध," म्हणाले. "तुकडा मिळेपर्यंत मी पोरीला कडेवर घेतो."