नवं सिम

केळीच्या बागेत दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही.

‘आमचं उत्पादन आम्ही फक्त सरकारांना विकतो.’ एका परदेशी कंपनीच्या वेबसाइटवरचं वाक्य.

नव्या वस्तूला आधी कुंकू.

धुळ्याहून पळवलेली एक मुलगी चौथ्या दिवशी जिवंत सापडली.

चौकीची नोंदवही: तोताराम ट्रॅक्टरवरून पडला. जखमी अवस्थेतच आणला. दुपारी दवाखान्यात मयत.

हे तुकडे एकमेकांचे कुणी नव्हते. ते मी जोडले.

मी दिपमाला. राहते मेहरूणला, जळगावच्या कोर्टात वकिली करते. तोताराम तापीतून चोरून वाळू नेणाऱ्या गाड्यांचे फोटो काढायचा आणि अर्जाला जोडायचा. एका सकाळी त्याला पोलिसांनी घरून नेलं. नोंदवही खोटी आहे हे सांगू शकणारं एकच माणूस होतं: त्याची बायको बेबाबाई. त्याला नेताना ती दारात उभी होती. अठरा तारखेला तिची साक्ष होती. तोवर तिला यावलजवळ, तिच्या बहिणीच्या केळीच्या बागेतल्या खोलीत ठेवलं. ठिकाण तिघींनाच माहीत. ती, बहीण, मी.

तीन तारखेला माझ्या फोनवर इशारा आला. फोन बनवणाऱ्या कंपनीचाच. सरकारी पाठबळ असलेले हल्लेखोर तुमच्या फोनला लक्ष्य करत असावेत.

असावेत.

माझे वडील टेलिफोन खात्यात लाइनमन होते. चोरून ऐकणं म्हणजे काय, हे मला लहानपणापासून ठाऊक. कुणीतरी खांबावर चढून तुमच्या तारेला तार जोडतं. नंबर बदलला की तार सुटते.

मी सिम मोडलं. नवा नंबर घेतला, नवा फोनही घेतला. जुना चांगला होता, काचेला चरासुद्धा नव्हता. असा फोन आमच्याकडे कुणी टाकून देत नाही, तो कुणाच्या तरी हाती जातो. बेबाबाईचा फोन बटणांचा. यावलला सारखं जाणं कुणाच्या नजरेत आलं असतं, आणि साक्षीची तयारी तर समोरासमोर करून घ्यायची होती. जुन्या फोनमध्ये बहिणीच्या नावाचं सिम घातलं आणि तो बेबाबाईला दिला. व्हिडिओ कॉलचं सगळं लावलेलंच होतं, म्हणून काही पुसलं नाही.

तिने फोनला कुंकू लावलं. ते कॅमेऱ्याच्या भिंगावर गेलं. मी ओढणीने भिंग स्वच्छ केलं.

अकरा दिवस, रोज जेवणं झाली की ती फोन डाळीच्या डब्याला टेकवून बसायची. मी उलटतपासणीतले वाकडे प्रश्न विचारायचे. ती अडखळायची, रडायची, एकदा मला म्हणाली की तुम्हीच त्यांच्या बाजूच्या दिसता. पण सांगायची ते रोज तेच. एक शब्द हलला नाही.

सोळाला दुपारी दोन माणसं बागेतून खोलीपाशी आली. साधे कपडे. पाणी मागितलं. पाणी पिऊन त्यांनी बेबाबाईला तिचीच साक्ष तोंडपाठ म्हणून दाखवली, कुठे अडखळते तिथे अडखळून. मग तिची मुलगी डिंपल कोणत्या शाळेत जाते ते विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. धमकी अशी काही दिली नाही.

अठराला कोर्टात ती म्हणाली, “मले काहीच दिसलं नही.”

बाहेर जिन्यावर मी तिचा हात धरायला गेले. तिने पदर सावरला.

“मी तं फक्त तुमच्याशीच बोलली व्हती, ताई.”

माझा मामेभाऊ हेमराज धुळ्याला पोलिसांत आहे, सायबरचं बघतो. जुना फोन त्याच्याकडे नेला. तो आधी हसला. लाइनमनची पोर ती, म्हणाला, तारच शोधत बसणार. मग त्याने समजावलं: नंबराचा संबंधच नाही. ऐकणारा फोनच्या आत बसतो. सिम काढा, बदला, तो तिथेच असतो. कॅमेरा त्याचा, माइक त्याचा. खुणा होत्या, पण कुणाच्या ते सांगता येत नव्हतं.

मी विचारलं, तुम्हीही हे वापरता? त्यांच्याकडे नव्हतं, वरच्यांकडे होतं. पळवलेली ती मुलगी अशाच कशाने तरी सापडली होती. तिच्या आईने हेमराजच्या घरी येऊन पेढे वाटले तेव्हा मी तिथे होते, एक खाल्लाही होता. मग हे बंद करायचं का, त्याने विचारलं. मी विचारलं, हे कायद्यात बसतं का?

“बठ्ठं कायदामा शे, अक्का,” तो म्हणाला. फोन माझ्या हातात देत म्हणाला, “कोणता कायदा, ते माले बी माहीत नही.”

मी पत्रं लिहिली.

असं हेर-सॉफ्टवेअर विकणारी परदेशी कंपनी: ग्राहकांची नावं आम्ही सांगत नाही. मानवी हक्क पाळावेत, असं करारात लिहिलेलं असतं.

त्या देशाचं निर्यात खातं: परवाना दिला की नाही, हे सांगणं सुरक्षेच्या दृष्टीने उचित नाही.

आपलं गृहखातं: राष्ट्रीय सुरक्षेचा विषय.

फोनवरच्या पाळतीसाठी नेमलेली चौकशी समिती: फोन जमा करावा.

फोन जमा केला. पोच मिळाली. वर्ष झालं.

माझा फोन कोणत्या खटल्यासाठी उघडला, हे मला कधीच कळणार नाही. तोतारामसाठी नसेलही. दुसरंच काही शोधताना बेबाबाई सापडली असेल आणि कुणीतरी ती कुणाला तरी दिली असेल.

खटला पुराव्याअभावी निकालात निघाला. नोंदवही तीच राहिली.

त्या सकाळी तोताराम चप्पल घालून, स्वतःच्या पायांनी जीपपर्यंत चालत गेला.