कंट्रोल ग्रुपमधली मुलगी

समिधा उत्तनच्या कोळीवाड्यातून रिक्षाने हॉस्पिटलात पोचली तेव्हा तिला सातवा महिना नुकताच लागला होता आणि वाटेतच पाणी गेलं होतं. सोबत फक्त सासू, कृष्णाबाई. नवरा जयकुमार बोटीवर होता. शिमग्याला बोटी परत येणार, त्याला अजून आठवडा होता.

मुलगी झाली. सव्वा किलोची. रडली, पण मांजराचं पिल्लू कुठेतरी पत्र्यामागे अडकल्यासारखी.

हॉस्पिटल केबिन रोडच्या मागच्या गल्लीत, एका ट्रस्टचं. तिथल्या नवजात विभागाच्या प्रमुख डॉक्टर उर्मिला. मूळच्या गिरगावच्या, लग्नानंतर मीरा रोडला सिल्व्हर पार्कात राहायला आलेल्या. वेळेआधी जन्मलेली मुलं वाचवण्यात त्यांची सगळी उमेदीची वर्षं गेली होती, आणि त्या वर्षी त्यांच्या विभागात आणि आणखी दोन हॉस्पिटलांत मिळून एक मोठा अभ्यास चालू होता. प्रश्न साधा होता. अशक्त बाळाला आधी काचेच्या पेटीत ठेवायचं आणि तब्येत सावरल्यावरच आईच्या छातीशी द्यायचं, ही नेहमीची पद्धत. त्याऐवजी पहिल्याच दिवशी, नळ्यांसकट, आईच्या उघड्या छातीवर ठेवलं तर? अर्धी मुलं नव्या पद्धतीने, अर्धी जुन्या. कोण कुठे, हे कॉम्प्युटर ठरवणार.

उर्मिला हे प्रत्येक आईला स्वतः समजावून सांगत. समिधालाही सांगितलं.

"कुठली पद्धत जास्त चांगली, हे आम्हालाच अजून माहीत नाही. म्हणून तर हा अभ्यास. तू नाही म्हटलंस तरी उपचारात काही कमी होणार नाही."

"मना छातीवर मिळंल ना?" समिधाने विचारलं.

"मिळेलच असं नाही. ते माझ्या हातात नाही."

समिधा हो म्हणाली. कॉम्प्युटरने तिच्या मुलीला जुन्या पद्धतीत टाकलं. ज्याला डॉक्टर लोक कंट्रोल ग्रुप म्हणतात, त्यात.

दोन दिवस बरे गेले. मग मुलीचा श्वास अडखळायला लागला, रक्तात जंतू सापडले, औषधं बदलली. समिधा भिंत धरत धरत वॉर्डातून यायची आणि पेटीशेजारी उभी राहायची. पेटीच्या भोकातून बोट घालून तळपायाला हात लावायची परवानगी होती. पलीकडच्या खोलीत नव्या पद्धतीच्या आया पलंगावर रेलून बसलेल्या असत. एकीच्या छातीवर इवलंसं बाळ, नाकात नळी, वरून शाल. येता-जाता ते दिसायचंच.

त्या सकाळी उर्मिला राऊंडला आल्या तेव्हा समिधाने त्यांचा हात धरला.

"डॉक्टरबाई, मना एकदा द्या. नल्या राहूद्या. मी जराबी हलनार न्हाय."

"आत्ता नाही गं. ती जरा सावरली की लगेच देऊ."

"त्या बाईचं पोर पन आजारीच हाय ना? तिला कसं दिलं?"

"ते बाळ दुसऱ्या गटात आहे."

समिधाला गट कळला नाही असं नाही. ती बारावी झाली होती. तिने फक्त हात सोडला नाही. शेवटी सिस्टर अनसूयांनी तिला खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं.

खरं तर उर्मिलांना देता आलं असतं. डॉक्टरला वाटलं तर कुठल्याही बाळाला अभ्यासातून बाहेर काढायची मुभा नियमांत होतीच. बाळ हातून जातंय, याचा अंदाजही त्यांना आला होता. पण त्यांच्या हॉस्पिटलातून तोवर एकही बाळ बाहेर काढलेलं नव्हतं. अभ्यासाच्या पाहणीला आलेल्या समितीने त्याबद्दल सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं. आणि त्यांच्या मनाचा हिशेब असा, की आज हिला दिलं तर उद्या दुसरी मागेल, परवा तिसरी, मग दोन्ही गट एकमेकांत मिसळतील आणि उत्तर कधीच मिळणार नाही. ते उत्तर पुढच्या हजारो मुलांसाठी हवं होतं. विचार चुकीचा नव्हता. म्हणूनच तो त्यांना पटला.

दुपारी मुलगी गेली.

मग मात्र कुणी नियम सांगितला नाही. नळ्या काढल्या, अंग पुसलं, पांढऱ्या कपड्यात गुंडाळून मुलीला समिधाच्या मांडीवर दिलं. समिधाने गाऊनची बटणं सोडली, कपडा उलगडला आणि तिला छातीशी लावलं. कृष्णाबाई म्हणाल्या, "पोरी, आता काय उपेग." समिधाने ऐकलं नाही. बराच वेळ ती तशीच बसून राहिली. उर्मिला तिथे थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग त्यांना लेबर रूममधून पुन्हा बोलावणं आलं.

जयकुमार शिमग्याला परतला तेव्हा बोटीवर पताका होत्या. त्याला बंदरातच सांगितलं गेलं.

दिवाळीच्या सुमारास अभ्यास मधेच थांबवण्यात आला. तीन हॉस्पिटलांतली आकडेवारी तपासणाऱ्या तज्ज्ञांनी कळवलं, की आईच्या छातीशी ठेवलेली मुलं स्पष्टपणे जास्त जगतायत, जंतुसंसर्गही कमी होतोय. आता उरलेल्या मुलांना जुन्या पद्धतीत ठेवणं योग्य नाही. सगळ्यांना नवी पद्धत द्या.

विभागात आनंदीआनंद झाला. कुणीतरी पेढे आणले. ट्रस्टींचा फोन आला, परिषदेत बोलायचं आमंत्रण आलं. उर्मिलांनी पेढा हातात घेतला, तोंडाजवळ नेला आणि बशीत परत ठेवला. इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली, तो आला होता, आणि त्यांना आपला हात धरून ठेवलेल्या समिधाशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं.

निकाल लागला की प्रत्येक कुटुंबाला कळवू, असं वचन दिलेलं होतं. बाकीच्यांना ऑफिसातून फोन गेले. उत्तनला मी जाते, असं उर्मिला म्हणाल्या.

"मॅडम, फोन करा ना," अनसूया सिस्टर म्हणाल्या. "तुम्हाला बघून तिला परत सगळं आठवेल."

"फोनवर सांगायची गोष्ट नाही ही."

"तिच्यासाठी जाताय की तुमच्यासाठी?"

रविवारी उर्मिला मुर्धा, राई, मोरवा ही गावं मागे टाकत डोंगरीवरून खाली उत्तनला उतरल्या. किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. समिधा आणि कृष्णाबाई टोपलीतले बोंबील जोडीजोडीने अडकवत होत्या. समिधाने त्यांना लांबूनच ओळखलं. ती काम करतच राहिली. कृष्णाबाईंनी प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. "बसा. चाय घ्याल?" जयकुमार जाळं शिवत बसला होता, तो उठून जवळ आला.

उर्मिलांनी वाटेत शब्द जुळवले होते. ते सगळे विस्कटले. अभ्यास पूर्ण झाला, निकाल आला, एवढं त्यांनी सांगितलं. आणि मग, "ज्या मुलांना आईजवळ दिलं, ती जास्त वाचली."

समिधाचे हात थांबले.

"म्हंजे माझी वाचली असती?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही. तिला इन्फेक्शन मोठं होतं. जवळ दिलेली मुलंसुद्धा काही गेलीच. पण संधी जास्त मिळाली असती. ते खरं आहे."

जयकुमार म्हणाला, "मग आता कशाला आलाव सांगाला? आमचं जे व्हायचं ते झाला."

"सांगायचं कबूल केलं होतं. आणि..." उर्मिला समिधाकडे वळल्या. "त्या दिवशी तू मागितलीस. मला देता आली असती. मी दिली नाही. मला क्षमा कर."

समिधाने हातातली बोंबलांची जोडी मांडवावर अडकवली. वाऱ्याने मांडवावरचे बोंबील हलत होते. मग ती अगदी सावकाश बोलली.

"वाचली न्हाय, त्याचं मी दर्याला पन बोल लावला, देवाला पन. तुमाला न्हाय लावला. पन मेल्यावर दिलीत ना, तवा ती गार व्हती. मना तिची ऊब ठावूकच न्हाय. येवडा एक दिला असता तर तुमचा काय गेला असता?"

काय गेलं असतं, ते उर्मिलांना ठाऊक होतं. एका मुलीची नोंद गेली असती. एवढंच.

"एक विचारू?" समिधा म्हणाली. "मी वॉर्डात व्हते. ती गेली तवा तिच्याजवल कोन व्हता? तुमी व्हतात?"

हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर समिधाला बरं वाटलं असतं, कदाचित उर्मिलांनाही. तो शब्द त्यांच्या ओठांवर आलाही.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी खाली लेबर रूममध्ये होते. जुळ्यांची डिलिव्हरी होती. अनसूया सिस्टर होत्या तिच्याजवळ."

"त्या उंच सिस्टर? चष्मेवाल्या?"

"हो."

"मना त्यांना भेटायचा हाय."

जयकुमार म्हणाला, "आता परत त्या हास्पिटलात कशाला?" पण समिधाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. कृष्णाबाईंनी आणलेला चहा उर्मिलांनी संपवला, कारण तो ठेवून उठणं बरं दिसलं नसतं. निघताना कुणी "परत या" म्हणालं नाही.

पुढच्या आठवड्यात समिधा एकटीच आली. विभागात आता पेट्यांच्या ओळी कमी झाल्या होत्या, आयांचे पलंग वाढले होते. पाच आया आपापली मुलं छातीशी घेऊन बसल्या होत्या. समिधा दारातच थांबली. एकेकीकडे बघत राहिली. तिने तोंड फिरवलं नाही, पण पदर तिने मुठीत घट्ट आवळला होता.

उर्मिला पुढे झाल्या. "तू आणि सिस्टर माझ्या केबिनमध्ये बसा. मी पण येते, काही विचारायचं असेल तर..."

"तुमी नको," समिधा म्हणाली. आवाजात राग नव्हता. हव्या त्या माणसासाठी नको त्या माणसाला बाजूला करावं, तेवढंच.

अनसूया सिस्टर तिला घेऊन गच्चीवर गेल्या. तासाभराने दोघी खाली आल्या. समिधाचे डोळे सुजले होते. सिस्टरांनी तिला रिक्षापर्यंत सोडलं, रिक्षा वळेपर्यंत उभ्या राहिल्या.

त्या वर आल्या तेव्हा उर्मिला जिन्यातच होत्या.

"काय विचारलं तिने?"

"सगळंच. शेवटी रडली का, डोळे उघडे होते का, कुणी हात लावला होता का."

"तुम्ही काय सांगितलंत?"

सिस्टरांनी चष्मा काढून पदराने पुसला. "जे झालं ते. पण मॅडम, ते आता तिचं आहे. मी नाही सांगणार."

उर्मिलांनी मान हलवली. आपणही तेव्हा कधी विचारलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं. त्या बाळाचे डोळे उघडे होते का, एवढंसुद्धा नाही.

आत एका बाळाचा अलार्म वाजायला लागला. दोघी आत धावल्या. बाळ आईच्या छातीवरच होतं, नळी फक्त सरकली होती. उर्मिलांनी वाकून ती नीट बसवली. आई घाबरून बाळाला उचलून त्यांच्या हातात द्यायला लागली.

"नको, नको," उर्मिला म्हणाल्या. "राहू दे तुझ्याजवळच."