आकारामच्या गाडीचे मागचे ब्रेक

जुनी अँबॅसिडर मलकापूरच्या नाक्यावर वळताना दिसली आणि चांदसाहेब मिस्त्रीनं ती लांबूनच ओळखली. गाडी आकारामची होती. आकाराम म्हणजे दोस्त कसला, पाठचा भाऊच. दोन वर्षांमागं याच नागपंचमीच्या सणात, शिराळ्याला पॅसेंजर नेताना उतारावर ब्रेक लागला नाही आणि तो गेला. त्या सकाळी ब्रेक आवळून दिले होते चांदसाहेबानंच.

आता गाडी दुरुस्त करून आकारामची बायको शालूबाई ती पुन्हा भाड्यानं फिरवणार होती. चालवायला पुतण्या दादासो. तो गाडी लावून जेवायला गेला.

"मागलं ब्रेक तेवढं बघा, चांदभाऊ," शालूबाई लिंबाखालच्या बाकावर टेकत म्हणाली. "तुमच्याबिगर दुसऱ्याच्या हातात न्हाई द्याची मी."

विश्वाससुद्धा कधीकधी शिवीपेक्षा जास्त झोंबतो.

काम तसं साधं. चाक उचलायचं, मागचा स्क्रू चाक जाम होईस्तोवर आवळायचा, मग दोन टक, म्हणजे दोन खाचा, सैल सोडायचा. फक्त आधी हँडब्रेक खाली पाहिजे. तो वर राहिला तर चाक उगाच लवकर जाम होतं, आणि पुढं तो सोडला की ब्रेक दाबताना पायाखाली नुसती पोकळी. त्या दिवशी पॅसेंजर खोळंबले होते, आकाराम घाईत होता. निघताना त्यानं हँडब्रेक सोडल्याचा आवाज चांदसाहेबानं ऐकला होता. त्याचा अर्थ कळला तो संध्याकाळी, खबर आल्यावर. आपण हँडब्रेक खाली करायला विसरलो! हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

आज त्यानं स्वतःच्या हातानं हँडब्रेक खाली केला, दोनदा चाचपला, चाकांना दगड लावले आणि गाडीखाली शिरला. चार टकांतच चाक जाम. एवढ्यात कसं? तो बाहेर आला. हँडब्रेक वर होता.

भर दुपारी गाडीजवळ कुणी नव्हतं. शालूबाई बाकावर पदरानं वारा घेत होती. बिस्मिल्ला म्हणत त्यानं हँडब्रेक पुन्हा खाली केला, खाली जाऊन स्क्रू सैल केला, चाक फिरवलं. दोन फेरे सुटं फिरलं आणि कचकन थांबलं.

"आकाराम," तो पडल्यापडल्या पुटपुटला, "तूच हायस नव्हं? चुकलो रं गड्या."

"आवं, कुणाशी बोलताय?" शालूबाई दारातून आत वाकली होती, हात हँडब्रेकवर. "मीच वढला. तुमी खाली, आन गाडी दगडाच्या भरवशावर! अंगावर आली म्हंजी? त्या दिवशी ह्यास्नी भाकरी द्याला आलते, तवा बी तुमी असाच सोडून ठिवला व्हता. तवा बी मीच वढला."

म्हणजे त्या दिवशी चांदसाहेब हँडब्रेक खाली करायला विसरलाच नव्हता. दोन वर्षांचं ओझं उतरलं आणि उतरलं म्हणून त्याला लाज वाटली. एक वाक्य बोललं की तो सुटला असता. पण ते वाक्य शालूबाईच्या पदरात पडलं असतं, जन्मभरासाठी.

"काय चुकलं का वो माझं?"

"न्हाई वयनी." तो बाहेर आला. "चूक माजी. त्या दिवशी ब्रेक म्याच नीट आवळलं न्हवतं. घाई केली. आकाराम माज्यामुळं गेला."

शालूबाई गाडीच्या दारापासून मागं सरली. दादासो जेवून परतला होता, त्यानंही ते ऐकलं होतं. ती त्याला म्हणाली, "गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडं घे. हितं न्हाई ठिवायची."

चांदसाहेबानं जॅक उतरवला. दादासो स्टिअरिंगवर बसला तेव्हा तो खिडकीशी गेला. "सावकाश ने, ब्रेक अजून व्हायचं हायेत. आन तिथं काम व्हस्तवर हँडब्रेक खाली ऱ्हाऊ दे. कुणाला हात लावू दिऊ नगंस."

"तुला तोंड हाय व्हय रं शिकवाया?" दादासो म्हणाला.

आजवर त्यानं चांदसाहेबाला कधी अरेतुरे केलं नव्हतं. पण पोरानं सांगितलेलं ऐकलं होतं, आणि निघण्याआधी हँडब्रेक खाली करून दोनदा चाचपला होता. चांदसाहेबाला तेवढं पुरलं.