दोन श्वासांची जागा

मित्रांनो, मी एक जुना ऑर्गन आहे. किती जुना, ते विचारू नका. वय झाले की आकडा सांगायची लाज वाटते. माझ्या पट्ट्या एकेकाळी पांढऱ्याशुभ्र होत्या. आता त्या म्हाताऱ्या माणसाच्या दातांसारख्या पिवळ्या पडल्या आहेत आणि त्यांतले दोन दात तर हलतातही. तरी दर रविवारी मी गातो. एका लहानशा चर्चच्या डाव्या कोपऱ्यात, खिडकीखाली माझी जागा आहे.

मला घडवणारा कारागीर एका कानाने बहिरा होता. सूर लागला की नाही, हे तो माझ्या लाकडावर तळहात ठेवून ओळखायचा. लोक हसायचे, पण त्याचा हात कधी चुकला नाही. मला गाडीत चढवताना तो म्हणाला, "जा बाबा. सुखात काय, सगळेच गातात. तू रडणाऱ्यांना गायला लाव." मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. नव्या वस्तूला रुबाब फार असतो आणि अक्कल कमी.

एक गोष्ट मात्र आधीच कबूल करतो. मला एकट्याला गाता येत नाही. माझ्या पोटात चामड्याचा मोठा भाता आहे, लोहाराकडे असतो तसा. त्याचा लाकडी दांडा माझ्या उजव्या बाजूला बाहेर येतो. तो कोणी खालीवर केला की भात्यात वारा भरतो, वारा नळ्यांत शिरतो आणि सूर निघतो. म्हणजे मला वाजवायला दोन माणसे लागतात. एक पट्ट्यांवर बोटे ठेवणारे आणि एक दांडा मारणारे. पहिल्याचे कौतुक होते, दुसऱ्याला घाम येतो.

सव्वीस वर्षे ही दोन माणसे नवरा-बायको होती. बायकोला सगळी मंडळी मावशी म्हणायची. ती लोकांचे कपडे शिवायची आणि तिची बोटे माझ्या पट्ट्यांवर टाके घातल्यासारखी नेमकी पडायची. नवरा घड्याळजी. त्यांना सगळे काका म्हणत. दोघांचे दुकान एकाच खोलीत होते. एका टेबलावर तिचे शिवणयंत्र आणि दुसऱ्यावर त्यांची उघडी घड्याळे. रविवारी दोघे माझ्याकडे यायचे. पाळकांची, म्हणजे आमच्या धर्मगुरूंची, खूण दिसावी म्हणून काकांनी माझ्यावर एक छोटा आरसा बसवून दिला होता. त्यात मावशीला पाळक दिसत, मागची मंडळी दिसे आणि कडेला दांडा मारणारे काकाही दिसत.

आता काकांच्या एका खोडीबद्दल सांगतो. आमच्या चर्चमध्ये उपासना संपताना संध्याकाळचे गीत म्हणतात. चारच ओळी आहेत. काकांचा सगळा जीव तिसऱ्या ओळीत. "अंधारातही, प्रभू, तुझा हात माझ्या हाती राही." ही ओळ आली की काका डोळे मिटायचे, मान वर करायचे आणि खड्या, थोड्याशा बेसूर आवाजात गायचे. गाण्याच्या नादात हात थांबायचा. हात थांबला की भाता रिकामा. मग ओळीच्या शेवटी मी म्हशीसारखा हंबरायचो आणि गप्प व्हायचो. मावशी आरशातून डोळे वटारायची. काका दचकायचे आणि घाईघाईने दांडा दोनदा मारायचे. मग चौथी ओळ सुरू व्हायची, "घरची वाट चुकत नाही."

या सगळ्याला बरोबर दोन श्वासांचा वेळ लागायचा. साऱ्या वस्तीची घड्याळे सेकंदावर चालवणारा माणूस, आणि देवाच्या घरी दर रविवारी उशीर! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"अहो, डोळे उघडे ठेवून गाता येत नाही का?" मावशी विचारायची.

"येतं की," काका म्हणायचे. "पण मग ते खरं वाटत नाही."

पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी कुरकुरले. पुढे सवय झाली. तिसरी ओळ संपली की सगळे आपोआप थांबू लागले. नवखा पाहुणा आला तर तो एकटाच चौथी ओळ ठोकून द्यायचा आणि कानापर्यंत लाल व्हायचा. मला मात्र त्या दोन श्वासांची लाज वाटे. चांगल्या ऑर्गनने असे मध्येच गप्प होऊ नये, असे माझे मत होते.

मग एका गुरुवारी काका गेले. टेबलावर कोणाचे तरी घड्याळ उघडे होते, ते तसेच राहिले. शनिवारी त्यांची शवपेटी माझ्यासमोर आणून ठेवली. त्या दिवशी शाळेतल्या मास्तरांनी मला वाजवले. मावशी पहिल्या बाकावर ताठ बसली होती. तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. लोक म्हणाले, किती खंबीर! मी तिची बोटे बघत होतो. ती पदराचे टोक पुन्हा पुन्हा दुमडत होती आणि उलगडत होती.

त्यानंतर मावशीने माझे झाकण लावले आणि आरसा भिंतीकडे फिरवला. ती चर्चला यायची, पण शेवटच्या बाकावर बसायची आणि गाताना ओठ मिटून घ्यायची. मंडळीने तिला एकटे पाडले नाही, हे मला सांगितलेच पाहिजे. कोणी जेवण पोचवले, कोणी कोपऱ्यात नुसते बसून आले, तर कोणी घड्याळे ज्यांची त्यांना नेऊन दिली. हे सारे मी माझ्या जवळच्या बाकावरच्या बोलण्यातून ऐकले. मास्तर मला वाजवू लागले. पण संध्याकाळच्या गीताचे नाव कोणी काढले नाही.

आमच्यात एक सुतारदादा आहेत. माणूस आडदांड, मन लोण्याचे. दांड्यापाशी काकांची रिकामी जागा बघून मावशीच्या जिवाला चटका बसत असेल, असे त्यांना वाटले. म्हणून त्यांनी दांडा काढला आणि भात्याला विजेची मोटर बसवली. आता दांडा मारायला कोणी नको. बटण दाबले की वारा तयार. दांडा फेकवेना, म्हणून तो माझ्या पाठीमागे उभा करून ठेवला. मावशीने येऊन पाहिले. "छान केलंत," म्हणाली आणि लगेच निघून गेली.

सुतारदादांचा चेहरा पडला. "पाळकसाहेब, माझं काही चुकलं का हो?"

"चुकलं," पाळक म्हणाले. "पण मायेपोटी चुकलं. देव बघून घेईल."

एका दुपारी मावशी एकटीच आली. चर्च रिकामे आहे असे तिला वाटले. ती माझ्यापाशी स्टुलावर बसली आणि मोठ्याने बोलू लागली. "प्रभू, मी भांडायला आलेय. सव्वीस वर्षं तुझ्या घरात वाजवलं. आता प्रार्थनेला बसले की तोंडातून शब्द फुटत नाही. लोक म्हणतात, ते तुझ्यापाशी सुखात आहेत. असतील. मलाही ते पटतं. पण मग मला इतकं का दुखतंय? माझा विश्वास संपला का?"

वरून खोकल्याचा आवाज आला. पाळक शिडीवर चढून दिवा बदलत होते. "मावशी, मी इथं आहे हो. ऐकू आलं. माफ करा."

मावशी ओशाळली. पाळक जुना दिवा हातात घेऊन खाली उतरले आणि पायरीवर बसले. व्यासपीठावर ते तासभर बोलतात, पण दुःखापुढे त्यांची जीभ अडखळते. थोडा वेळ त्यांनी दिव्यावरची धूळ पुसली. मग म्हणाले, "येशू आपल्या मित्राच्या कबरीपाशी गेला ना, तेव्हा त्याला ठाऊक होतं, घटकाभरात हा जिवंत होऊन बाहेर येणार आहे. दुसऱ्या कुणाला नाही, पण त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी तो आधी रडला."

मावशीने माझ्या झाकणावर हात ठेवला.

"म्हणजे आशा आणि रडणं एकाच छातीत राहू शकतं. त्याच्या राहिलं."

"मला रडायलाही येत नाही, पाळकसाहेब. प्रार्थनाही येत नाही."

"मग राहू द्या. तुम्हाला जमेल तोवर तुमची प्रार्थना आम्ही म्हणतो. मंडळी असते कशासाठी?"

मावशी उठली. जाताना तिने माझे झाकण उघडले, पदराने पट्ट्या पुसल्या आणि आरसा पुन्हा पुढे फिरवला. मित्रांनो, त्या दिवशी मला मोटर बसली त्यापेक्षा जास्त आनंद झाला.

त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी मास्तर तापाने फणफणले होते. मावशीला कोणी विचारले नाही. विचारायची हिंमतच नव्हती. शेवटच्या बाकावरून ती स्वतः उठली, मधल्या वाटेने चालत आली, माझ्यासमोर बसली आणि बटण दाबले. उपासनेची सगळी गीते तिने वाजवली. आणि शेवटी, कोणी न सांगता, तिने संध्याकाळच्या गीताचे पहिले सूर धरले.

पहिली ओळ झाली. दुसरी झाली. तिसरी आली. "अंधारातही, प्रभू, तुझा हात माझ्या हाती राही." मोटर इमानाने गुणगुणत होती. माझ्यात वारा काठोकाठ भरला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी ती ओळ न हंबरता पार केली. मावशीची बोटे चौथ्या ओळीच्या पट्ट्यांवर पोचलीसुद्धा.

पण गायला कोणीच नव्हते. सगळी मंडळी थांबली होती.

म्हातारे थांबले होते, तान्ह्या लेकराला घेतलेल्या आया थांबल्या होत्या, पाळक थांबले होते. मावशीने बोटे उचलली आणि आरशात पाहिले. कडेला काकांची जागा रिकामी होती. तिच्यामागे रांगेने चेहरे होते, तोंडे अर्धवट उघडी, श्वास धरलेला. सगळे त्या माणसासाठी थांबले होते, जो आता दांडा मारायला येणार नव्हता.

एक श्वास. दोन श्वास.

मग चौथी ओळ सुरू झाली आणि मावशी गाऊ लागली. सव्वीस वर्षे तिने ही ओळ कधी गायली नव्हती, कारण त्या वेळी ती आरशातून डोळे वटारत असायची. आता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते, नाक वाहत होते आणि ती गात होती, "घरची वाट चुकत नाही." सूर हलला, पण सुटला नाही. माझ्या पट्ट्या ओल्या झाल्या. ओल माझ्या लाकडाला वाईट असते. मी तक्रार केली नाही.

उपासना सुटल्यावर तिने सुतारदादांना विचारले, "तिथं थांबायचं असं कुणी सांगितलं होतं?"

"सांगायचं काय त्यात, मावशी?" ते गोंधळून म्हणाले. "तिथं थांबतातच."

मावशी रडता रडता हसली. घरी जाऊन तिने त्या रात्री प्रार्थना केली. शब्द आले, असे तिने पाळकांना सांगितले. फार नाही, तीन-चार. तेवढे पुरले.

त्याच वर्षअखेरीस सुतारदादांची आई वारली. त्या रविवारी दादा उपासनेत बाकावर डोंगर खचावा तसे बसले होते. संध्याकाळच्या गीताची वेळ झाली. मावशीने मोटर बंद केली, माझ्या पाठीमागून तो जुना दांडा काढला आणि त्यांच्यापाशी नेला.

"दादा, माराल का? तेवढ्या एका गीताला."

"मला गाता नाही यायचं आज, मावशी."

"गाऊ नका. नुसता वारा द्या. गाणारे आम्ही आहोत."

दादांनी दांडा बसवला आणि मारू लागले. तिसऱ्या ओळीला त्यांचे डोळे मिटले आणि हात थांबला.

तेव्हापासून आमच्याकडे ही रीत पडली आहे. ज्याच्या घरी दुःख झाले, त्याच्या हाती त्या रविवारी दांडा देतात.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी म्हणायला हवे. उंदरांपासून चामडे जपा, पावसात खिडकी लावा, एवढे केलेत तरी माझे भागेल. पण तुमच्या शेजारी एखादे दुःखी माणूस गाता गाता अडखळले, तर त्याला मागे टाकून पुढची ओळ म्हणू नका. अशा रविवारी माझा भाता आजही तिसऱ्या ओळीला रिकामा होतो. मी म्हशीसारखा हंबरतो आणि गप्प होतो. आता मला त्याची लाज वाटत नाही. मला ठाऊक असते, सगळे थांबले आहेत.