कवळीवाल्या ताईचा थर्मास

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. माझ्यात आता कोणी चहा ओतत नाही. ओतला तरी तो तासाभरात गार होईल, कारण झाकणाखालचे रबर झिजले आहे आणि पोटाला एक मोठा पोचा पडला आहे. एके काळी मात्र सकाळी भरलेला चहा मी दुपारपर्यंत वाफाळता ठेवत असे. मी थकलो आहे, म्हणून सावकाश सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोलादाचा एक पत्रा वाकवून माझे बाहेरचे अंग केले, दुसरा वाकवून आतले. दोन्हींच्या मधली हवा यंत्राने ओढून घेतली. मग हिरवा रंग फासून मला दुकानाच्या फळीवर बसवले. तिथे कितीतरी हात मला उचलून, उलटा करून, किंमत बघून परत ठेवत. एक दिवस ताई आली. ती नवऱ्याला आणि लहान लेकीला घेऊन नुकतीच या देशात आली होती. "गळत नाही ना हो?" असे तिने दुकानदाराला इतक्या वेळा विचारले की शेवटी त्याने कंटाळून मला तिथल्या तिथे पाणी भरून दाखवले. मी गळलो नाही. ताईने मला पिशवीत घातले.

दात कोरून पोट भरत नाही, अशी एक म्हण आहे. ताईचे पोट मात्र दातांवरच होते. ती कवळ्या बनवत असे. दातांचे डॉक्टर माणसाच्या हिरड्यांचा ठसा घेऊन ताईच्या कार्यशाळेत पाठवत. तिथले एक वयस्कर कारागीर त्या ठशात प्लास्टर ओतून साचा करत. त्या साच्यावर ताई मेणात एकेक दात बसवी आणि शेवटी सगळे घासून गुळगुळीत करी. पुढचे दोन दात ती मुद्दाम जरासे वाकडे लावायची. "अगदी सरळ लावले की माणूस खोटं हसल्यासारखा दिसतो," असे ती म्हणे.

त्या कारागिरांना सगळे प्लास्टरवाले काका म्हणत. ते तिला 'ताई' म्हणत, मग सगळेच म्हणू लागले, म्हणून मीही म्हणतो. सुट्टीच्या वेळी ताई माझ्या झाकणात त्यांना चहा ओतून देई. पहिल्याच दिवशी त्यांची जीभ भाजली. "ताई, हा थर्मास आहे की शेगडी?" ते म्हणाले. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

ताईला या देशात कायमचे राहायचे होते. त्या परवानगीला सगळे पीआर म्हणत. ती मिळवायला आधी मालकाला स्पॉन्सर व्हावे लागे. म्हणजे या बाईवाचून माझे काम अडते, असे त्याने सरकारला लिहून द्यायचे. मालक तयार झाला. कागदपत्रांसाठी एक एजंट गाठला. त्याच्या ऑफिसात मऊ खुर्च्या होत्या आणि भिंतीवर हसऱ्या कुटुंबांचे फोटो. काहीही विचारले की तो म्हणे, "होईल, होईल!" ताईच्या नवऱ्याने जिना उतरता उतरताच त्याचे नाव ठेवले, होईलराव.

अर्ज गेला आणि भिजत घोंगडे पडले. होईलरावांना फोन केला की उत्तर ठरलेले. इकडे मालकाला मात्र ताईची नस सापडली होती. "ताई, शनिवारी येशील ना? तुझ्या फाइलचं मीच तर बघतोय." ताई शनिवारी जाई. पुढे रविवारीही जाऊ लागली. लेकीचे, म्हणजे मुंगीचे, शाळेतले नाटक झाले तेव्हा ताई कुणाच्या तरी दाढा घासत होती. मी तिच्या टेबलाच्या कोपऱ्यावर उभा होतो. चहा तसाच राहिला.

घासताना बारीक धूळ उडते. ती ओढून घेण्यासाठी भिंतीत एक पंखा होता. एका हिवाळ्यात तो बंद पडला. काकांनी मालकाला सांगितले, ताईने सांगितले. "करू पुढच्या महिन्यात," मालक म्हणाला. पुढचा महिना काही उजाडला नाही. माझ्या हिरव्या अंगावर रोज पांढरा थर बसू लागला. माझे काय, मला फडक्याने पुसता येते. काकांच्या छातीत बसलेली धूळ कोण पुसणार? ते खोकू लागले. आधी थोडे, मग हातातला साचा खाली ठेवावा लागेल इतके. शेवटी ते दवाखान्यात गेले. धूळ कुठली, हे डॉक्टरांनी विचारले आणि सरकारला कळवले.

तपासणीसाठी साहेब येणार, असा निरोप आला. त्या सकाळी मालक ताईजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "पंखा चालतो म्हणायचं. त्यात तुझंच भलं आहे. कळलं ना?"

साहेब आले. त्यांनी पंख्याकडे बघून ताईला विचारले, "हा रोज चालतो का?"

"चालतो की," मालकच बोलला. "आवाज फार करतो, म्हणून आत्ता बंद ठेवलाय."

"मी यांना विचारलं," साहेब म्हणाले.

ताईने हातातली कवळी खाली ठेवली. ती उठली, भिंतीजवळ गेली आणि तिने बटण दाबले. काहीच झाले नाही. मग तिने पंख्याच्या धूळ ओढणाऱ्या नळीचे झाकण काढले. आत कोळ्याने भले मोठे जाळे विणले होते, आणि कोळी मधोमध बसला होता.

"गेल्या थंडीपासून बंद आहे, साहेब," ताई म्हणाली.

मालक दातओठ खात उभा राहिला. पंखा त्याच आठवड्यात दुरुस्त झाला. आणि त्याच आठवड्यात त्याने ताईला कामावरून काढले व स्पॉन्सरशिप मागे घेतली. आता ठरावीक मुदतीत नवा मालक शोधायचा, नाहीतर देश सोडायचा, असा नियम होता.

त्या संध्याकाळी ताईच्या स्वयंपाकघरात मोठे भांडण झाले. मी ओट्यावर उपडा होतो, सगळे ऐकत होतो.

"अगं, एक दिवस गप्प बसली असतीस तर?" नवरा म्हणाला.

"तुम्ही काकांचा खोकला ऐकलाय का?"

"ऐकलाय. पण मुंगीचं काय? मी हॉटेलात लोकांच्या चादरी इस्त्री करतोय ते कशासाठी? सगळ्या जगाचा भार तुझ्याच डोक्यावर आहे का?"

भांडी विसळून ताई आत निघून गेली.

सकाळी नवरा लवकर उठला आणि त्याने स्वतः चहा केला. मला भरायची त्याला सवय नव्हती. त्याने मला काठोकाठ भरले आणि झाकण लावताना हात भाजून घेतला. "चल," तो ताईला म्हणाला. "होईलरावांकडे जाऊ. भांडायचं राहिलंय ते रस्त्यात भांडू."

होईलरावांनी त्यांना बसायलाही सांगितले नाही. "अहो बाई, तो पंखा काय तुमच्या वडिलांचा होता? एक शब्द खोटा बोलला असतात तर काय बिघडलं असतं? आता नाही होणार."

जिन्यावर नवरा म्हणाला, "या माणसाच्या तोंडून 'नाही' पहिल्यांदा ऐकलं." मग दोघे हसले. हसता हसता ताई जिन्यातच खाली बसली आणि रडली. नवऱ्याने माझे झाकण उघडून तिच्यापुढे धरले.

दुसरी एजंट चपला शिवणाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत बसत असे. तिथे मऊ खुर्च्या नव्हत्या, एक बाक होता. बाईंनी सगळे कागद शेवटपर्यंत वाचले, चष्मा काढून डोळे चोळले आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारले, "त्यात चहा आहे का?" चहा प्यायल्यावर त्या म्हणाल्या, "खोटी आशा मी देत नाही. नवा मालक सापडला तर अर्ज पहिल्यापासून. गेलेली वर्षं गेली. बघू."

"आई, ही तर बघूबाई!" बाकावर शेजारी बसलेली मुंगी ताईच्या कानात कुजबुजली, पण ते सगळ्यांना ऐकू गेले. बाईसुद्धा हसल्या.

ताई कार्यशाळांची दारे झिजवू लागली. पिशवीत नमुन्याच्या कवळ्या, शेजारी मी. कवळ्या बघून सगळे मान डोलवत. "काम फार सुबक आहे. पण स्पॉन्सर? ते झेंगट नको." तिने दातांच्या कण्या केल्या, पण कोणी तयार होईना. मुदत संपत आली. शेवटी काकांनीच फोन केला. ते दवाखान्यातून घरी आले होते, पण कामावर पुन्हा जाणार नव्हते. "दूरच्या गावात माझ्या हाताखाली शिकलेली एक आहे. तिची स्वतःची कार्यशाळा आहे. कडक आहे हं, पण आत एक, बाहेर एक असं नाही."

त्या कडक बाईने ताईशी गप्पा मारल्या नाहीत. तिने एक साचा पुढे ठेवला आणि म्हणाली, "लाव दात." ताईने लावले. बाईने ते उजेडात धरून पाहिले. "हे दोन वाकडे का?" ताईने कारण सांगितले. बाई आरशासमोर जाऊन स्वतःचे हसणे बघून आली. "सोमवारपासून ये. कागदावर सही करीन. उपकार म्हणून नाही, मला माणूस हवंय म्हणून."

बिऱ्हाड हलले. ट्रकमधून उतरवताना मी खाली आपटलो, तेव्हा हा पोचा पडला. कोणाचे लक्ष नव्हते. मुंगी मैत्रिणींसाठी रडत होती आणि ताई तिला समजावत होती.

मित्रांनो, पुढची वर्षे सांगण्यासारखी नाहीत, कारण त्यांत काहीच घडले नाही. वाट पाहणे म्हणजे काय, हे वाट पाहणाऱ्यालाच कळते. ताईला चष्मा लागला. नवऱ्याचे गुडघे दुखू लागले. मुंगीचे फ्रॉक आखूड झाले, मग तिने फ्रॉक घालणेच सोडले. अर्जासाठी केलेल्या डॉक्टरी तपासण्या जुन्या होत आणि पुन्हा कराव्या लागत. बघूबाई फोनवर म्हणत, "अजून नाही. बघू."

त्यातच तिकडे मायदेशी ताईच्या आईचे दात गेले. "इथल्या डॉक्टरनं केलेली कवळी टोचते गं," म्हातारी फोनवर बोबडे बोलायची. "ठेवलीय डब्यात. सगळं कुस्करून गिळते." परक्या माणसांच्या तोंडात दात बसवणारी तिची लेक फोन कानाशी धरून नुसती हं हं करायची. जायचे म्हटले तर बघूबाईंनी साफ सांगितले होते, "जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण परत येता येईल, असंही म्हणत नाही." ताई गेली नाही. त्या दिवसांत ती मला धुवायला विसरे. शिळ्या चहाचा वास माझ्या अंगात मुरला. मी रागावलो नाही. तिच्यात त्राण उरले नव्हते.

एका दुपारी बघूबाईंचा फोन आला. ताईने तो स्पीकरवर ठेवला.

"झालं," बाई म्हणाल्या.

"काय झालं?" नवऱ्याने घाबरून विचारले.

"पीआर झालं तुमचं."

कोणी ओरडले नाही, कोणी नाचले नाही. नवरा खुर्चीत बसून गुडघा चोळत राहिला. मुंगीने आईला मिठी मारली. ताई म्हणाली, "काकांना कळवा कोणीतरी. मी जरा पडते." आणि ती तिथेच जमिनीवर, उशीशिवाय, झोपली. अंधार पडला तरी उठली नाही. तिला कोणी उठवले नाही.

पुढे ती मुंगीला घेऊन आईकडे जाऊन आली. जाताना प्लास्टर, मेण, दात सगळे बरोबर नेले. म्हातारीने नवी कवळी घालून हौसेने फोटो काढला, आरशात बघितले आणि कवळी काढून डब्यात ठेवली. "सुरेख झालीय गं. पण आता हिरड्यांनाच सवय झाली." मुंगी घरी येऊन हे सांगत होती, तेव्हा मी ऐकले. ती हसत होती. ताईसुद्धा हसत होती, पण थोडी उशिरा.

आता मी कपाटाच्या वरच्या फळीवर असतो. तुमच्या घरी थर्मास असेल तर एवढे ऐका. त्याला धुतल्यावर झाकण लगेच घट्ट लावू नका. आत कोंडलेले पाणी वास धरते. उघडा ठेवा, वाळू द्या.

आणि आणखी एक. परवा ताईच्या नवऱ्याने बाहेरच्या खोलीतल्या भिंतीत एक खिळा ठोकला. इतक्या वर्षांत या माणसांनी कुठल्याच भिंतीत खिळा ठोकला नव्हता. घर सोडावे लागले तर भोक कशाला, म्हणून. तुमच्याही गल्लीत असे बिनखिळ्यांचे एखादे घर असेल. तिथल्या माणसांना भेटलात की "तुमचं काम झालं का?" असे विचारू नका. तो प्रश्न त्यांना सकाळपासून कितीतरी जणांनी विचारलेला असतो. त्यांना बसायला सांगा आणि दुसरेच काहीतरी बोला.