फुलीवर टिचकी

मला चिडायला फार काही लागत नाही, हे माझ्या वर्गातल्या पहिली-दुसरीच्या पोरांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. संगणकाच्या तासाला तर माझा पारा चढलेलाच असायचा. बाण वर न्या म्हटलं की अर्धी पोरं माउस टेबलावरून उचलून हवेत धरायची. इवल्या पंजात तो मावायचा नाही, मग दोन्ही हातांनी दाबायची, आणि एका टिचकीच्या जागी सात टिचक्या. "पहिलं बोट कामाला, मधलं बोट झोपलेलं," हे मी दिवसातून पन्नास वेळा ओरडायचे. रात्री झोपेतही ओरडत असेन.

सहा संगणक पाताळगंगा नदीपलीकडच्या एका रसायन कंपनीने दिले होते. त्यातला माझ्या टेबलावरचा कंपनीला जोडलेला. तिकडे वायू गळला तर पडद्यावर लाल पेटी उघडणार, शेजारचा भोंगा वाजणार, आणि आम्ही पोरं घेऊन मागच्या चढावरच्या देवळाकडे पळायचं. कंपनीच्या साहेबांनी येऊन समजावलं, नारळ फुटला, फोटो निघाला. पहिल्या महिन्यात भोंगा तीनदा वाजला. तिन्ही वेळा आम्ही धापा टाकत देवळात, आणि तिन्ही वेळा मागाहून फोन की चाचणी होती. चौथ्यांदा वाजला तेव्हा मी त्याची वायर उपटली आणि भोंगा कपाटात टाकला. मुख्याध्यापक साईनाथ सर बघत होते. "बरं केलंत," म्हणाले.

भोंगा गेला, पेट्या राहिल्या. त्या सगळ्याच संगणकांवर उठसूट यायच्या: हे नवीन घाला, ते नोंदवा, अमक्याची मुदत संपली. पोरं आंबा धरून टोपलीत ओढायचा खेळ खेळत असायची आणि मध्येच पेटी. वाचता कुणाला येत नव्हतं, आणि येत असतं तरी मजकूर इंग्रजी. मग चहूबाजूंनी "बाई, पेटी आली". एक दिवस कंटाळून मी फळ्यावर मोठा चौकोन काढला आणि त्याच्या कोपऱ्यात फुली मारली. "पेटी आली की मला हाक मारायची नाही. फुलीवर टिचकी द्यायची. पेटी गेली पाहिजे." गणिताच्या वहीत फुली दिसली की रडणारी पोरं पडद्यावर फुली शोधायला लागली.

चिमाला ते सगळ्यांत आधी जमलं. चिमा डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आदिवासी वाडीवरची, सात वर्षांची. वर्गात तिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे मलाच घाम फुटायचा. पण बोट असं स्थिर की बघत राहावं. पेटी उघडते न उघडते तोच तिची टिचकी फुलीवर. मी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. तिची आई जना कर्जतच्या बाजूला एका फार्महाऊसवर कामाला जाते. एकदा लेकीला न्यायला आली, तेव्हा तिला दारात थांबवून मुद्दाम दाखवलं. जना पदर तोंडाला लावून हसली. "हाताची चलाख हाय," म्हणाली.

तो डिसेंबरमधला शुक्रवार होता. सर मीटिंगला खालापूरला गेलेले. एका माउसची वायर खऱ्या उंदरांनी कुरतडली होती, म्हणून एक जागा कमी पडली आणि चिमाला मी माझ्या टेबलावर बसवलं. हे मी स्वतःहून सांगते आहे. दुसऱ्या कुणी बसवलं नाही. मग उरलेल्या पोरांना घेऊन मी व्हरांड्यात वाचनाला बसले.

वास आला. वासाचं आम्हाला काही नाही. आमची पोरं वासांना नावं देऊन बसली आहेत, सडका, औषधी, लसणीचा. हा धुण्याच्या पावडरीसारखा होता आणि घशात टोचत होता. हर्षला नावाची पोरगी खोकायला लागली. तिच्या मागे अजून दोघं. मी उठून दारातून माझ्या संगणकाकडे पाहिलं. पडद्यावर आंबे होते आणि टोपली होती. लाल काही नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. मी परत येऊन बसले आणि हर्षलाला पाणी पिऊन यायला सांगितलं. हळूहळू माझेही डोळे चुरचुरायला लागले, तरी मी पुढचं पान उघडायला लावलं.

अकराला पाच मिनिटं कमी असताना गावातला नवीन नावाचा टेंपोवाला तोंडाला रुमाल बांधून फाटकात आला. "बाई, पोरं काढा. गॅस सुटलाय कवाचा."

मी आतबाहेर ओरडले, हाताला लागेल त्याला ढकललं, दोन बारक्यांना नवीनने काखोटीला मारलं. देवळात पोचून मी पोरं मोजली. सत्तावीस. पुन्हा मोजली. अठ्ठावीस हवी होती. कोण नाही हे मला मोजण्याआधीच कळलं होतं, असं मला आता वाटतं.

पदर नाकातोंडावर घेऊन मी उतारावरून धावले. खोलीत धुरकट, पिवळट काहीतरी जमिनीलगत होतं. चिमा माझ्या टेबलाशी बसली होती. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, श्वासाला शिट्टी. समोर लाल पेटी. तिने फुलीवर टिचकी दिली. पेटी गेली.

"बाई, सारखी येतेय," ती म्हणाली. "मी घालवतेय ना."

आज आठवा दिवस. चिमा पनवेलच्या एका दवाखान्यात आहे, तोंडावर मास्क. डॉक्टर नीट काही सांगत नाहीत, फक्त बघू म्हणतात. मला तिच्या खाटेजवळ बसवत नाही आणि घरीही जाववत नाही. सकाळी कंपनीचा माणूस एक कागद घेऊन इथे आला. त्यावर लिहिलं होतं, की सूचना दहा बेचाळीसपासून दर दोन मिनिटांनी, एकूण अकरा वेळा दाखवली गेली, आणि अकराही वेळा शाळेने ती पाहून बंद केली. खाली माझ्या सहीची जागा मोकळी होती. तो म्हणाला, सावकाश वाचा, आणि खाली चहाला गेला.

जना खाटेपाशी जमिनीवर बसली होती. "काय लिवलंय, बाई?"

मी वाचून दाखवलं. एकही शब्द गाळला नाही. गाळला असता तर बरं झालं असतं. तिने लेकीच्या हाताकडे पाहिलं.

"अकरा येला केलं तिनं?" तिने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला कौतुक वाटत होतं. "एकदाबी नाय चुकली?"

"नाही," मी म्हटलं. "एकदाही नाही चुकली."