लाल झालं की तोडायचं

बाजारातल्या भाजीवर काय काय मारतात ते वाचून वाचून तिची झोप उडाली, तेव्हा तिने खिडकीच्या ग्रिलमध्येच टोमॅटो लावले. तेलाचे रिकामे डबे, फुटकी बादली, लेकाचा आंघोळीचा जुना टब, जे हाताला लागलं त्यात माती भरली. नवऱ्याने विचारलं, आता कपडे काय टोमॅटोच्या डोक्यावर वाळत घालायचे? ती म्हणाली, चालेल.

लेक दीड वर्षाचा, गोलमटोल, म्हणून त्याला सगळे ढब्बू म्हणत. त्याला तिने एक गोष्ट मन लावून शिकवली होती: लाल झालं की तोडायचं आणि तोंडात टाकायचं. धुवायचीसुद्धा गरज नाही, घरचं आहे, असं ती येईल त्याला ऐकवायची.

मग झाडांवर मावा पडला, पानांखाली चिकटणारी बारीक हिरवी कीड. कामावरून आली की ती एकेक पान उलटं करून ओल्या फडक्याने पुसत बसायची. सुनेची वाकलेली पाठ बघून सासूबाईंचा जीव तुटायचा.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ढब्बूने एकामागून एक टोमॅटो मटकावले. तिने सहज पान उलटलं, तर मावा औषधालाही उरला नव्हता. ती हरखून सासूबाईंना सांगायला गेली.

"अगं, मीच फवारलं काल," सासूबाई खुशीत म्हणाल्या. "ओट्याखाली झुरळांचं होतं ना, तेच. म्हटलं, किती राबेल पोर."

"किती मारलंत, आई?"

"थोडंसंच."

"थोडंसं म्हणजे किती?"

सासूबाईंनी डबा आणून हलवून दाखवला. त्यातून काहीच कळलं नाही.

डॉक्टरांनी फोनवर औषधाचं नाव विचारून घेतलं. तोंड-हात धुवा, उलटी काढायला जाऊ नका, म्हणाले. बहुतेक काही होणार नाही. पण लाळ गळाली, उलटी झाली, धाप लागली किंवा मूल सुस्तावलं, तर तडक घेऊन या. तिच्या कानात त्यातलं 'बहुतेक' तेवढं अडकून राहिलं. रागवावं तर कुणावर? फवारणारीवर, की न धुता खायला शिकवणारीवर?

नवरा गाडीची किल्ली हातात घेऊन दाराशी उभा राहिला. ढब्बू मात्र मजेत पातेली बडवत होता. तिने त्याची हनुवटी पुन्हापुन्हा पुसून पाहिली. कोरडी होती.

आणि दुपारी त्याचे डोळे मिटायला लागले.

"रोजचीच वेळ आहे त्याची," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"माहीत आहे, आई." तिने त्याचा गाल थोपटला, मग हलवला. तो चिडून रडला, तिला लाथ मारली आणि तिच्याच खांद्यावर मान टाकून पुन्हा झोपला. रडला म्हणजे बरा आहे, की लगेच झोपला म्हणजे बरा नाही? इतकी शिकलेली ती, तिला आपल्या लेकाची झोप ओळखता येईना.

सासूबाईंनी त्याच्या नाकापुढे बोट धरलं.

"चालू आहे श्वास," त्या म्हणाल्या. मग बोट न काढता, जवळजवळ विनवल्यासारखं म्हणाल्या, "परत उठव गं त्याला."